निरीक्षकांच्या छातीतला टक्

प्रसिद्धी मिळावी म्हणून लोक काय काय करतात! कुणी गातं, कुणी निवडणुकीला उभं राहतं, कुणी डोक्यावर उभं राहतं. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकसाहेबांनी यातलं काहीच केलं नव्हतं. त्यांनी सदऱ्याची वरची तीन बटणं सोडली होती, आणि तीसुद्धा सांगितल्यावर.

निरीक्षकांना पोहायला जायचं होतं. निवृत्त माणसाने काहीतरी करावं, असं घरातून वरचेवर सुचवलं जात होतं, आणि 'काहीतरी' याचा अर्थ 'घराबाहेर काहीतरी' हे ओळखण्याइतके ते सुज्ञ होते. तलावाच्या पाससाठी प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला हवा. दाखला सरकारी इस्पितळाचाच हवा. आणि हे इस्पितळ मेडिकल कॉलेजचं, त्यामुळे तिथे दर एका डॉक्टरमागे सातआठ शिकाऊ डॉक्टर, वरातीत चालावेत तसे, चालत असतात. त्यातल्या एकाने निरीक्षकांच्या छातीला नळी लावली, भुवया उंचावल्या आणि दुसऱ्याला हाक मारली. दुसऱ्याने ऐकून तिसऱ्याला बोलावलं. आपल्या छातीला कान लावून एकापाठोपाठ तीन माणसं गंभीर होऊ लागली की माणसाने काय समजायचं? निरीक्षकांनी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. करायला फारसा वेळ लागला नाही.

शेवटी मोठे डॉक्टर आले. ते कॉलेजात हृदय शिकवायचे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाले, "वा!"

एकतीस वर्षांच्या नोकरीत निरीक्षकांना उद्देशून कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. दुकानदार त्यांना पाहून जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ऐका रे सगळ्यांनी," मोठे डॉक्टर म्हणाले. "लब आणि डब. आणि दोघांच्या मधे तो टक्. आला ना? काय सुंदर टक् आहे!"

"साहेब, धोका?" निरीक्षकांनी विचारलं.

"कसला धोका? मायट्रल नावाची एक झडप असते, ती जरा सैल आहे. मिटताना वाजते. पुष्कळांची वाजते. पण इतका स्वच्छ टक् मी नोकरीत ऐकला नाही. कुठे होतात इतके दिवस?"

"वजनमापांत," निरीक्षक म्हणाले. "आणि साहेब, तो दाखला..."

पण तोवर छातीवर पाचवी नळी आली होती. दाखला त्या दिवशी मिळाला नाही. पुढेही मिळाला नाही. तलावाच्या कारकुनाचं म्हणणं, ज्याच्या छातीबद्दल इतके डॉक्टर बोलतात त्याला पाण्यात सोडायची जबाबदारी कोण घेणार?

घरी त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, दारातच विचारलं, "अहो, काय म्हणाले?"

"सुंदर आहे म्हणाले."

"कोण?"

"माझी झडप."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुंदर म्हणण्यासारखं काही या माणसात असेल तर ते आतच असणार, बाहेर आपल्याला दिसलं असतं, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. मग त्या पाणी आणायला गेल्या.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर बातमी कळताच वर आले. पोस्टमास्तरांना बातमी कळते कशी, याचा छडा त्यांच्या खात्यालाही लागला नव्हता. त्यांनी बसल्या बसल्या सात सल्ले दिले. डाव्या कुशीवर झोपू नका. जिना उलटा चढा, म्हणजे हृदयाला कळत नाही आपण चढतोय ते. रागावू नका.

"मी रागावतो कुठे?" निरीक्षक रागावून म्हणाले.

"हेच ते. आमच्या मामेभावाचं हृदय उजव्या बाजूला होतं. पण तुमच्यासारखा गवगवा नाही केला त्याने. गेला बिचारा गुपचूप."

दोन महिन्यांनी कॉलेजातून फोन आला. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची तोंडी परीक्षा खऱ्याखुऱ्या रोग्यांवर होते. रोगी खाटेवर असतो, मुलाने त्याला तपासायचं आणि काय झालंय ते परीक्षकांना सांगायचं. अशा रोग्याला तिथल्या भाषेत 'केस' म्हणतात. मोठ्या डॉक्टरांची इच्छा होती की या खेपेला निरीक्षकांनी केस व्हावं.

"म्हणजे मला परीक्षेला बोलावलंय," निरीक्षक बाईंना म्हणाले. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं परीक्षक म्हणूनच बोलावलंय. पोस्टमास्तरांना त्यांनी तसंच वाटू दिलं.

पण परीक्षेला खाटेवर पडायचं तर आधी रीतसर भरती व्हावं लागतं. भरतीच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "तक्रार काय?"

"काही नाही."

"तक्रार नसेल तर भरती नाही."

"अहो, मला मोठ्या डॉक्टरांनी बोलावलंय. मी पाहुणा आहे."

"इथे पाहुण्यांची भरती होत नाही. रोग्यांची होते. तक्रार सांगा."

निरीक्षकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूंबद्दल तक्रारी ऐकल्या होत्या. स्वतःची एकही तक्रार नाही, हा त्यांचा अभिमान होता. (बाईंचं मत वेगळं होतं.) अर्धा तास खिडकीशी उभं राहिल्यावर मात्र त्यांना भराभर तक्रारी सुचू लागल्या. रांग सरकत नाही, पंखा फिरत नाही, कारकून मान वर करत नाही.

"छातीत धडधडतंय का?" कारकुनाने विचारलं.

"तुमच्याशी बोलल्यापासून धडधडतंय."

"मग असं सांगा ना आधी," म्हणून कारकुनाने शिक्का मारला. "केस नंबर तीन. छाती."

एकतीस वर्षं 'साहेब' म्हणवून घेतलेला माणूस तीन नंबरची छाती होऊन वॉर्डात शिरला.

शेजारच्या खाटेवर स्वतःची उशी, स्वतःची चादर आणि स्वतःचा चहाचा कप घेऊन एक गृहस्थ ऐसपैस पहुडले होते. पोटात डाव्या बाजूला प्लीहा नावाचा अवयव असतो, तो एरवी हाताला लागत नाही. या गृहस्थांचा लागायचा. गेली नऊ वर्षं प्रत्येक परीक्षेला लागत आला होता. सगळं कॉलेज त्यांना प्लीहाकाका म्हणायचं, आणि मुरलेल्या नटाने नवख्याकडे पाहावं तसं त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं.

"नवीन दिसता. कोणता अवयव?"

"हृदय."

"अस्सं. हृदयवाले फार टिकत नाहीत," प्लीहाकाका म्हणाले. "म्हणजे तसं नव्हे हो, नावात टिकत नाहीत. हे बघा, तीन गोष्टी लक्षात ठेवा. खाट खिडकीजवळची मागायची. चहा दोनदा. आणि पोरांनी कितीही गयावया केली तरी उत्तर सांगायचं नाही. आपली किंमत आपण ठेवली नाही तर कोण ठेवणार?"

निरीक्षकांना हा माणूस पहिल्या क्षणापासून आवडला नाही. पण खिडकीजवळची खाट त्यांनी मागितली. मिळाली नाही. तिथे प्लीहाकाका होते.

ती परीक्षा गाजली. सहा मुलांना टक् ऐकूच आला नाही, ती सहाही गटांगळ्या खात गेली. दुसऱ्या दिवसापासून निरीक्षकांचं नाव, म्हणजे नाव नव्हे, टक्, कॉलेजात सर्वतोमुखी झाला. पुढच्या परीक्षेला पुन्हा बोलावणं. त्याच्या पुढच्या परीक्षेलाही. मुलं एकमेकांना सांगू लागली: मायट्रलकाका पाहिलेस का?

आता प्रसिद्धीचे फायदे असतात, हे नाकारता येणार नाही. बसमध्ये एखादा तरुण डॉक्टर उठून जागा द्यायचा. औषधाच्या दुकानात रांगेशिवाय पुढे घ्यायचे. इस्पितळाचा फाटकवाला, जो साक्षात मंत्र्यालाही पास विचारेल असा होता, निरीक्षकांना पाहून नुसती मान हलवायचा. जाताना बाई म्हणायच्या, "अहो, आज तो बरा सदरा घाला. लोकांसमोर काढायचाय."

पण तोटे! तोटे कुणी सांगत नाही. पहिला तोटा हा, की चेहऱ्याकडे कुणी बघेना. ज्या मुलाने तीन वेळा त्यांची छाती तपासली होती तो बाजारात समोरून आला आणि सरळ निघून गेला. निरीक्षकांनीच हाक मारली. मुलगा गोंधळला. मग त्याची नजर सदऱ्यावर स्थिरावली आणि चेहरा उजळला. "अय्यो, मायट्रल! सॉरी हं काका, कपड्यांत ओळखलं नाही."

भर बाजारात हे वाक्य! बाई शेजारी उभ्या होत्या. भाजीवालीने भाजी तोलायची थांबवली.

दुसरा तोटा म्हणजे वेळ-अवेळ राहिली नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीवर कुणीतरी येऊन म्हणायचं, "काका, एकदाच ऐकू द्या ना, परवा परीक्षा आहे." नाही म्हणावं तर गर्व झाला म्हणतात. हो म्हणावं तर न्हावीही म्हणतो, मलाही ऐकू द्या.

आणि तिसरा तोटा म्हणजे परिषद.

झालं असं, की कॉलेजात हृदयाच्या डॉक्टरांची मोठी परिषद भरली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. "तुम्ही व्यासपीठावर हवेत. माईकची व्यवस्था केली आहे."

व्यासपीठ! माईक! निरीक्षकांनी आठ दिवस खपून भाषण तयार केलं. 'वजन, माप आणि मानवी जीवन' असा विषय होता. सुरुवातीला एक विनोद होता, शेवटी समाजाला इशारा होता. पोस्टमास्तरांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या, कारण त्यांनी भाषण घरी चार वेळा ऐकलं होतं.

निरीक्षकांचा पुकारा झाला. टाळ्या झाल्या. त्यांनी खिशातून कागद काढला, घसा साफ केला आणि माईककडे तोंड नेलं. तेवढ्यात एका मुलाने अदबीने तो माईक खाली घेतला, दुसऱ्याने तितक्याच अदबीने सदऱ्याची बटणं सोडली, आणि माईक छातीला लावला.

सभागृहात सगळीकडून लब, टक्, डब ऐकू येऊ लागलं. चारशे डॉक्टर श्वास रोखून ऐकत होते. निरीक्षक कागद हातात धरून उभे होते. तळपायाची आग मस्तकात गेली की हृदय जोरात चालतं. त्यामुळे निरीक्षक जसजसे संतापले तसतसा कार्यक्रम रंगत गेला. शेवटी तर टाळ्यांचा कडकडाट झाला. पुष्पगुच्छ मोठ्या डॉक्टरांना मिळाला.

परतताना पोस्टमास्तर म्हणाले, "छान झालं हो भाषण. थोडक्यात, पण मनापासून."

त्या दिवशी निरीक्षकांनी ठरवलं, हे बंद. आपण काय वाजंत्री आहोत? पण आठवड्यातच बसमध्ये एका अनोळखी पोराने उठून जागा दिली आणि 'ठरवलं' या शब्दाचा अर्थ जरा सैल झाला. झडपेसारखा. उलट त्यांनी एक नळी विकत आणली आणि रोज सकाळी दात घासल्यावर स्वतःचा टक् स्वतः ऐकू लागले. "आहे," असं बाईंना सांगूनच चहाला बसायचे. बाई म्हणायच्या, "असू दे. चहा गार होतोय."

याच सुमाराला ती चष्मेवाली मुलगी त्यांच्याकडे येऊ लागली. पहिल्या परीक्षेत ज्या सहाजणांनी गटांगळ्या खाल्ल्या त्यातली ती. पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, आणि या खेपेला नापास झाली तर घरचे शिक्षण सोडवून तिला काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसवणार होते. आजवर शेकडो जणांनी निरीक्षकांच्या छातीला नळी लावली असेल. पण लावण्याआधी नळीचं गार टोक तळहातात धरून कोमट करणारी ही पहिलीच. आणि "लावू का काका?" असं विचारणारीही.

"तुला त्या वेळी ऐकू आला नाही?" निरीक्षकांनी एकदा विचारलं.

"गोंगाट होता फार. मला शंका होती. मैत्रिणी म्हणाल्या, नुसतं 'आला' म्हण. पण न ऐकता कसं म्हणू हो?"

"मग आता येतो?"

तिने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "आता येतो. पण काल आले तेव्हा बारीक होता. तुम्ही उभे राहिलात की मोठा होतो, उकिडवे बसलात की मागे सरतो."

निरीक्षकांना एकदम तिच्याबद्दल आपुलकी वाटली. आजवर लोक टक् ऐकायला आले आणि ऐकून गेले. तो कमीजास्त होतो हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या खात्यात अशा माणसाला बढती मिळत नसे. पण ती मिळायला हवी असं सगळे म्हणत. बाईंनी तिला बिस्किटं दिली आणि निरीक्षकांना बजावलं, "या पोरीच्या वेळी नीट वाजा."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी निरीक्षक भरती झाले. ("तक्रार?" "धडधडतंय." एव्हाना ते तरबेज झाले होते.) सकाळी उठून त्यांनी उशीखालची नळी काढली आणि ऐकलं.

लब. डब.

त्यांनी नळी झटकली. पुन्हा ऐकलं. लब, डब. मधे काही नाही. उभे राहून ऐकलं. उकिडवे बसून ऐकलं. पाणी पिऊन ऐकलं. वॉर्डभर दोन फेऱ्या मारून ऐकलं. टक् गेला होता.

"काका," ते घाबऱ्या आवाजात प्लीहाकाकांना म्हणाले, "माझा टक् नाहीसा झाला!"

"मग? बोंब कशाला मारता?" प्लीहाकाकांनी चहाचा घोट घेतला. "तुमचं नाव झालेलं आहे. गवयाचा आवाज गेला म्हणून टाळ्या जातात का? माझं पोट तरी कोण नीट दाबून बघतं आता? 'प्लीहाकाका का? हो, लागते,' म्हणतात आणि पुढे जातात. गपचिप पडा."

तेवढ्यात मोठे डॉक्टर केसेस बघून घ्यायला आले. नळी जेमतेम टेकवली. "वा!" म्हणाले आणि पुढे सरकले.

"साहेब, आज तो..."

"बोलू नका. परीक्षा आहे."

परीक्षा सुरू झाली. परीक्षक दोन: एक मोठे डॉक्टर, दुसरे बाहेरच्या कॉलेजातून आलेले, सर्दीने बेजार झालेले, कोपऱ्यातल्या खुर्चीत रुमालात तोंड खुपसून बसलेले. त्यांची गाडी उशिरा आली होती, केसेस आधी तपासायच्या तर वेळ मोडेल, म्हणून मोठे डॉक्टर म्हणाले होते, "त्या मी पाहिल्यात. तुम्ही चहा घ्या."

पहिला मुलगा आला. खाट पाहिली, छाती पाहिली, डोळ्यांत ओळख चमकली. नळी टेकवली आणि मोठ्या डॉक्टरांसारखेच डोळे मिटून म्हणाला, "स्पष्ट टक्, सर."

"वा!"

दुसऱ्याने टक् ऐकला आणि तो किती गोड आहे हेही सांगितलं. तिसऱ्याने नळीची टोकं कानात घालायच्या आधीच मान डोलवायला सुरुवात केली. चौथ्याने टकच्या पाठोपाठ एक फुंकरही ऐकली आणि तिचं इतकं सुरेख वर्णन केलं की निरीक्षकांनाही क्षणभर ती ऐकल्यासारखी वाटली.

निरीक्षक पडल्या पडल्या पेटत चालले होते. रिकाम्या पारड्यावर अंगठा दाबून माल तोलणारे दुकानदार त्यांनी आयुष्यभर पकडले. पण तो दुकानदार निदान अंगठा तरी दाबतो! इथे माल नाही, अंगठा नाही, आणि चारी जणांनी चोख वजन सांगितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की लोक गेली दोन वर्षं हेच करत होते. त्यांच्याजवळ येत होते आणि येताना आणलेलंच ऐकून परत जात होते. आपण प्रसिद्ध झालो त्या दिवसापासून आपल्याला कुणी ऐकलेलंच नाही!

पाचवी आली ती चष्मेवाली.

तिने नळीचं टोक तळहातात धरलं. लावलं. ऐकलं. "काका, उठून बसता?" ऐकलं. "उभे राहता?" ऐकलं. "उकिडवे?" ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला. याच छातीत तिने कितीदा टक् ऐकला होता. काय बोलायचं हे तिला पाठ होतं. तोंडातून एक शब्द निघायचा अवकाश, की ती डॉक्टर. तिने निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांना बोलायची बंदी होती, त्यांनी छताकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "हृदयाचे दोन्ही आवाज ठीक आहेत. मधे काही नाही."

"काही नाही?" मोठे डॉक्टर म्हणाले. "हे कोण आहेत माहीत आहे ना? पुन्हा ऐक."

"पुन्हा ऐकलं, सर. नाही."

मोठ्या डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांबा!" निरीक्षक खाटेवर उभे राहिले. सदरा नाही, केस विस्कटलेले, पण आवाज पूर्वी बाजारात शिरताना लागायचा तो. "ती म्हणते ते बरोबर आहे. टक् आज नाही."

"काका, खाली बसा. तुम्ही पेशंट आहात. तुम्हाला कुणी मत विचारलेलं नाही."

"दोन वर्षं विचारलेलं नाही! छाती माझी, आत काय आहे ते मला माहीत, आणि बोलायचं सगळ्या जगाने? सकाळपासून ऐकतोय मी. ही बघा नळी!"

वॉर्डात खळबळ उडाली. केसजवळ स्वतःची नळी म्हणजे चोराजवळ स्वतःची चौकी. प्लीहाकाकांनी उशीत तोंड लपवलं. धंद्याची अब्रू गेली, असं ते पुटपुटत होते.

"आमच्या खात्यात नियम आहे," निरीक्षक गरजले. "वजनावर वाद झाला की त्रयस्थाने तोलायचं. हे साहेब त्रयस्थ आहेत. यांना माझी कीर्ती माहीत नाही. यांनी तोलावं!"

सर्दीवाले परीक्षक दचकले. "मी? तोलू?" मग उठले, नाक पुसलं, आणि पुष्कळ वेळ, अगदी चष्मेवालीइतका वेळ, ऐकलं. "यांना काय झालंय?" त्यांनी विचारलं. "काही नाहीये. चांगलं खणखणीत हृदय आहे."

मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या हातातून नळी जवळजवळ ओढूनच घेतली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा निरीक्षकांची छाती खरोखर ऐकली. वॉर्डात टाचणी पडली तर तीही ऐकू आली असती, आणि ती चौघांनीही ओळखली असती.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. "काय केलंत तुम्ही त्याचं?"

"मी?" निरीक्षक म्हणाले. "म्हणजे काय विकला मी?"

"सर, काही जणांत हा आवाज येतो-जातो," चष्मेवाली हळूच म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

मोठे डॉक्टर तऱ्हेवाईक असले तरी लबाड नव्हते. त्यांनी पेन उचललं, आणि त्या दिवशी पाचांपैकी एकटी चष्मेवाली पास झाली. बाकी चौघांना जे नव्हतं ते सुरेख ऐकल्याबद्दल पुन्हा बसावं लागलं.

निरीक्षकांची कीर्ती मात्र त्याच खाटेवर वारली. सुटीच्या कागदावर कारकुनाने विचारलं, "आता तक्रार?"

"काही नाही."

"बरे झाले," कारकुनाने लिहिलं, आणि इतक्या दिवसांत प्रथमच मान वर करून पाहिलं. फाटकवाल्याने पास विचारला, तोही बाहेर पडताना. बसमध्ये ते उभे राहून आले. बसलेल्या पोरांत नापास झालेल्या चौघांपैकी दोघे होते. पोस्टमास्तर जिन्यातच भेटायला आले. "गेला का टक्? अरेरे! मी म्हटलंच होतं, जिना उलटा चढा. आता काय, चारचौघांसारखंच म्हणायचं." इतकी मनापासून सहानुभूती त्यांनी पूर्वी कधी दाखवली नव्हती.

निरीक्षक महिनाभर धुमसत होते. जगाने आपल्याला टकसाठी डोक्यावर घेतलं आणि टक् गेला म्हणून खाली आपटलं, यात आपण कुठे होतो, हा प्रश्न त्यांनी जेवताना अनेकदा विचारला. बाई म्हणाल्या, "तुम्ही जेवत होतात. घास घ्या." दोघांना पेढे तेवढे मिळाले, तेही चष्मेवालीने आणून दिले; ती पाया पडली, आणि टक् आहे की नाही हे विचारलंच नाही.

पुढच्या परीक्षेच्या आधी फोन वाजला. मोठे डॉक्टर होते.

"आला का हो परत?"

"नाही," निरीक्षक तुटकपणे म्हणाले. "काही नाही छातीत."

"उत्तम! अगदी तसंच ठेवा. तुम्हाला यायचंय. खिडकीजवळची खाट देतो. फक्त टक् परत आला की नाही ते कुणाला सांगू नका. हल्ली पोरांना आजार कोणताही ओळखता येतो हो. निरोगी माणूस ओळखता येत नाही."

निरीक्षक 'येणार नाही' असं ठासून म्हणाले, आणि गेले. अकरा मुलांनी त्यांना तपासलं. चौघांना टक् सापडला, तिघांना फुंकर, दोघांना हृदय वाढलेलं दिसलं, एकाने फुप्फुसात पाणी काढलं, आणि शेवटचा त्यांना तातडीने शस्त्रक्रियेला न्यायला निघाला होता. अकराच्या अकरा गारद. मोठ्या डॉक्टरांनी नळी लावली, पूर्ण वेळ ऐकलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वा! इतकं स्वच्छ काही-नाही मी नोकरीत ऐकलं नाही. या माणसाच्या तोडीचा निरोगी माणूस साऱ्या कॉलेजात नाही."

निरीक्षकांनी घरी येऊन हे शब्दशः सांगितलं, आणि संतापाने सांगावं की अभिमानाने हे न ठरल्यामुळे दोन्ही सुरांत एकेकदा सांगितलं. पोस्टमास्तर ऐकून तडक खाली गेले. बाई चादरीची घडी घालत होत्या.

"बत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी जो भेटेल त्याला सांगत आले, की या माणसात काही नाही म्हणून. मला कुणी परीक्षक नेमलं नाही."